पाहुण्याचा तास

आमच्या घरात सहा मुलं आहेत आणि सहाही शाळेत जात नाहीत. एवढं सांगितलं की नवीन पाहुणा तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवतो आणि आमच्या ह्यांच्याकडं बघतो. हे आभाळाकडं बघतात. मग उत्तर मलाच द्यावं लागतं.

उत्तर सोपं आहे. मी डी.एड. केलं. (माझ्याबरोबर अख्ख्या बीड जिल्ह्यानं केलं!) नोकरीची वाट बघता बघता लग्न झालं, युसूफ वडगाव नावाच्या गावाच्या शिवारात वस्तीवर राहायला आले आणि तनू झाली. तिच्यामागं दोन पोरी, मग जुळे आणि शेवटी गुड्डी. (ही कशी आली ते ह्यांनाच विचारा.) गावातली शाळा लांब, मधे ओढा. एक दिवस बघितलं तर वर्गाचा पट माझ्या अंगणातच भरलेला, आणि शिकवणारी बाईही घरचीच! झाली शाळा सुरू. विनाअनुदानित.

शाळा आमची जोरात चालते. बेरीज-वजाबाकी कोंबड्यांवर, भूगोल ओढ्यात, अपूर्णांक भाकरीवर. अर्धी, पाव, अर्धपाव. माझी ज्वारीची भाकरी मोडताना कट्ट असा आवाज येतो. मला वाटायचं, बरंच आहे, अपूर्णांक पोरांच्या ध्यानात राहतील!

पण माझ्या शाळेची शान म्हणजे पाहुण्याचा तास. नियम असा की वस्तीवर जो कुणी येईल त्यानं पोरांना एक तरी गोष्ट शिकवूनच जायचं. नुसतं तोंडानं सांगितलेलं चालत नाही, हातानं करून दाखवायचं. कासारणीनं न रडवता बांगड्या भरायला शिकवलं. शेळ्यांच्या व्यापाऱ्यानं दात बघून शेळीचं वय ओळखायला शिकवलं. त्यानंतर आठवडाभर जुळ्यांनी आत्याबाईंना सुखानं जांभई देऊ दिली नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा माझ्या शाळेवर भारी राग, आणि त्याला कारण होतं माझी धाकटी नणंद सुवर्णा. तिला बघायला आधी दोन स्थळं आली. हसली, बोलली, जेवली आणि घरी जाऊन 'नको' म्हणून कळवलं.

"तुझ्या ह्या शाळेपायी!" आत्याबाई कडाडल्या. "सा पोरं उनाड फिरतेत, असल्या घरातली पोरगी कोन करंल?"

सासूबाईंपुढं डी.एड. चालत नाही.

मग तिसरं स्थळ आलं, लिंबागणेशचं. मुलगा महेश, मांजरसुंब्याला हॉटेल. सुवर्णानं त्याला एका लग्नात बघितलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती विहिरीवर माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "वैनी, मला त्यो आवडलाय. हे मोडलं तर लई वंगाळ वाटंल मला."

मी घाबरलेच! ही हाकत असलेला ट्रॅक्टर नांगरासकट बांधावरून कलंडता कलंडता राहिला तेव्हासुद्धा ह्या पोरीनं डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. आणि आता चक्क आणलं होतं. आपल्या शाळेपायी हिचं लग्न मोडलं तर तोंड कुठं लपवावं?

आत्याबाईंनी हुकूम सोडले. "एक, पाव्हने हाईत तवर पोरं दिसली न्हाई पायजेत. दोन, सैपाक सुवर्णानं केलाय. तीन, टॅक्टरचं नाव काडायचं न्हाई. पोरगी टॅक्टर हाकती म्हनल्यावर लोक काय म्हनतेल!"

(सुवर्णाला स्वयंपाकातलं फक्त जेवण येतं. तिची भाकरी तव्यावर पडायच्या आत नकाशा होते.)

दुसऱ्या दिवशी मी पोरांना कडब्याच्या गंजीमागं बसवलं, पाट्या दिल्या, तनूला मॉनिटर केलं आणि दम भरला, "हाक मारल्याशिवाय कुणी हललं तर बघा!" आणि चुलीपुढं बसून मन लावून भाकरी थापल्या.

पाहुणे आले. महेश साधासुधा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. त्याच्याबरोबर त्याचे चुलते, आण्णा. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काळा चष्मा, आणि आवाज सभेतला. ओट्यावर ताटं वाढली. वांग्याचं भरीत, येसराची आमटी, ठेचा, भाकरी.

"समदं सुवर्णानंच केलंय बरं का!" आत्याबाई.

"असंच पायजे!" आण्णा गरजले. "आमचा महेशबी मालक हाय मालक! गल्ल्यावर बसून नुसती नजर ठिवतो. हाताला पीठ लागू देत न्हाई."

महेशनं खाली मान घालून भाकरी मोडली. कट्ट! त्यानं घास खाल्ला. बराच वेळ खाल्ला. पाणी प्याला. मग हळूच आण्णांच्या कानाला लागला आणि मान हलवली. आडवी. दाराआडून सुवर्णानं ते बघितलं आणि तिचा चेहरा पार उतरला. मला रडूच यायला लागलं. पोरं गंजीमागं, शाळा बंद, तरीही नको? आता कावून, कशापायी?

एवढ्यात ओट्यावर गुड्डी उभी! नाकाला शेंबूड, हातात पाटी.

"तुमाला काय येतंय?" तिनं थेट आण्णांना विचारलं.

आण्णा हसले. "आमी लोकायची कामं करतो बाळा."

"करून दाखवा."

"तशी न्हाई दाखवता येत गं..."

"मग येत न्हाई," गुड्डीनं निकाल दिला आणि महेशकडं वळली.

मी "ए, चल तिकडं!" म्हणत धावले, तोवर जुळे दोन्ही बाजूंनी पोचलेले. "आ करा!" त्या भल्या माणसानं आ केला! दोघांनी डोकी घालून तपासणी केली. "सगळे दात आलेत बे," एक म्हणाला. "हां, पण झिजले न्हाईत. ठीक हाय," दुसरा म्हणाला. आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढला. आण्णांनी चष्मा काढला. मी तनूला डोळ्यांनी खुणावलं, की ह्यांना घेऊन जा. तनू पुढं आली आणि मॉनिटरच्या आवाजात म्हणाली, "पाव्हने, आमच्यात नियम हाय. हातानं काय येतंय ते करून दाखवायचं, मगच जायचं."

"आरं हॉटेलाचा मालक हाय त्यो! हातानं कावून करंल?" आण्णा ओरडले.

महेश उठला. आण्णांकडं बघायचंच टाळलं त्यानं. "मला भाकरी येतात," तो म्हणाला.

"महेश! बस खाली!"

पण त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या, हात धुतले आणि थेट माझ्या चुलीपुढं जाऊन बसला. पीठ घेतलं, कढत पाण्याचा हबका मारला, मळ मळ मळलं. पोरं भोवती कोंडाळं करून बसली. हात असे गरगर फिरले की भाकरी परातीत नाचायला लागली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली, आणि ती टम्म फुगली! पोरांनी टाळ्या पिटल्या. आमचे हे ओट्यावरून उठून बघायला आले. (माझ्या चुलीपुढं हे कधी आलेले मला आठवत नाहीत.)

"हे बगा," महेश पोरांना सांगत होता, "पीठ ढिलाई न करता मळायचं. कमी मळलं तर भाकर वाळून कौल होती."

"मम्मीच्या हुतात!" गुड्डी आनंदानं म्हणाली.

"कुनाच्या?" महेशनं विचारलं.

"मम्मीच्या. ह्या बी तिनंच केल्यात. सुवर्णा आत्याला भाकर येत न्हाई."

"आत्याला टॅक्टर येतो," तनूनं माहिती पुरी केली.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. मी डोळे मिटले. आता संपलं. सुवर्णाचं लग्न, माझी शाळा, सगळंच.

महेश पिठाच्या हातानं उठला आणि दारातल्या सुवर्णाकडं बघितलं. "ही भाकर तुमी केली न्हाई?"

सुवर्णानं एकदा आत्याबाईंकडं बघितलं, मग हनुवटी वर केली. "न्हाई केली. मला येतच न्हाई. खोटं कशाला बोलू?"

"खरंच येत न्हाई?"

"आयच्यान न्हाई."

महेशच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काय सांगू! "आण्णा, मला पसंत हाय!"

"आरं!" आण्णांनी कपाळाला हात लावला. "आत्ता ताटावर बसून 'नको' म्हनलास की!"

"ते भाकरीमुळं," महेश ओशाळून म्हणाला. "रोज दीडदोनशे भाकरी थापतो मी. म्हनलं, पोरगी चांगली हाय, पन जन्मभर ही भाकर..."

ओट्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आमचे हे आभाळाकडं.

सुवर्णा मात्र पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिला हसताना बघून मला माझ्या भाकरीचं काहीच वाटलं नाही. (खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.) त्याच संध्याकाळी सुपारी फुटली. आता सुवर्णा मांजरसुंब्याच्या हॉटेलाला लागणारी भाजी स्वतः पिकअप हाकत आणते. जावईबापू चुलीवर खूश, आणि आण्णा लोकांना सांगतात की सुनेला टॅक्टर येतो म्हणून आपणच ती पसंत केली!

पाहुणे गेले त्या संध्याकाळी आत्याबाई भांडी गोळा करता करता म्हणाल्या, "उगं तुज्या शाळेला नावं ठिवली बाई. तुज्या शाळेनंच लगीन जमवलं."

मी अशी फुगले म्हणता, महेशची भाकरी काय फुगली असेल! पण आत्याबाईंचा हात ताटावर तसाच थांबला. त्यांनी उरलेली भाकरी उचलली, मोडली. कट्ट! मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "आगं... ती आधीची दोन स्थळंबी जेवूनच गेलती न्हाई का?"

तेव्हापासून आमच्या शाळेचा पट सहाचा सात झाला आहे. जावईबापू आले की पाहुण्याच्या तासाला परातीपुढं पहिली मी बसते. बाकीची सहाही पास झाली.