सुखानं गेली म्हणे!

दाजींचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या बाजारात भाजी घेत होते. "शोभा गेली गं... पोरीच्या अक्षता बघून, सुखानं गेली." थोरली बहीण गेल्याचं कळलं ते असं. रडू यायच्या आधी माझं डोकंच फिरलं. दहाव्यापर्यंत तिच्या सासरचं सगळं बेलापूर तेच बोलत होतं. जिभेला काही हाड आहे का लोकांच्या!

शोभाताईची घराला लागूनच पिठाची गिरणी. तिचा आवाज गिरणीपेक्षा मोठा. कुणी दमट दळण आणलं की, "वाळवून आन, माझं जातं चिकटवतो का?" म्हणून परत पाठवायची. तिची एकुलती एक प्राजू त्या खडखडाटात अभ्यास करून फार्मसीला लागली. तिचा कॉलेजचा पांढरा कोट ताई दर रविवारी धुवायची, इस्त्री करायची आणि गिरणीतल्याच खिळ्याला अडकवायची. पिठानं माखायचा! मी म्हणायचे, "अगं, आत ठेव की." तर म्हणे, "आत कोन बघतंय? हितं दळनाला येनारी समदी बघत्यात."

मग तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठ काढण्याजोगी होती, पुण्यात ऑपरेशन झालं, गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला. डॉक्टरीणबाईंनी दाजींना आणि मला समोर बसवून नीट समजावलं. गाठीच्या जनुकांत असे बदल सापडले, की ते असले तर बहुतेकांचा आजार लवकर उलटतो. पण हा पुष्कळ पेशंटांवरून बांधलेला अंदाज आहे, यांच्यापुरतं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, केमो पूर्ण करा. दाजींनी त्यातलं 'लवकर' तेवढं उचललं. गावी पोचताच भावकी जमली. आईच्या देखत अक्षता पडल्याच पाहिजेत! केमोनं अर्धमेली झालेली ताई आतून ओरडत होती, "एकच वरीस ऱ्हायलंय तिचं. तवर मी न्हाई मरत!" ऐकतंय कोण? मी भांडले, तर दाजी म्हणाले, "रिपोर्ट तूबी ऐकलाय ना?" पाहुण्यांनी पुढं शिकवायचा शब्द दिला आणि लग्नाचा बार उडवून टाकला.

आणि ताई मेली नाही. केस परत आले, गिरणी सुरू झाली. प्राजूच्या वर्गातल्या मुली शेवटची परीक्षा देत होत्या तेव्हा ही धडधाकट उभी राहून दळत होती, आणि प्राजू सासरी शेण काढत होती. "औंदा न्हाई, पुढल्या साली बघू," सासूचं ठरलेलं उत्तर. ताई रविवारी कोट धुवायचीच... पुढं आजार उलटला. डॉक्टरीणबाईंना मी कशाला दोष देऊ? त्यांनी अंदाज सांगितला होता, मुहूर्त नव्हता काढून दिला. शेवटच्या भेटीत ताईनं माझा हात धरला. "मला मारायची घाई केली, ती केली... पोरीची कशाला केली गं?"

परवा आम्ही गिरणी आवरायला गेलो. सांडलेलं पीठ पुसायला दाजींनी फडकं म्हणून खिळ्यावरचा कोटच ओढला. प्राजूनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला, दारात जाऊन झटकला आणि अंगात घातला. खांदे बरोबर बसले, बाह्याही बसल्या. खालची बटणं मात्र काही केल्या लागेनात... सातवा लागलाय तिला.