आईच्या सहीचा राजीनामा

आमच्या गल्लीत नळ आला की पहिली बादली कोणी वापरत नाही, नालीत ओततो. मूळची नालीतलीच ती, माहेरी गेली, असं मी म्हणायचे आणि आई डोळे वटारायची. बाबा इथल्या, छत्तीसगढातल्या, स्टील प्लांटमधून रिटायर झाले, टाउनशिपचं क्वार्टर सोडून आम्ही कॅम्प-एक वस्तीत घर घेतलं, तेव्हा हे पाणी आमच्या वाट्याला आलं.

नवी पाइपलाइन ठेकेदारानं रस्ता न खोदता सरळ नालीतूनच टाकली होती. पाणी खात्याच्या इंजिनिअर साहेबानं येऊन पाहिलं, चहा घेतला आणि काम बरोबर असल्याची सही ठोकली. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की पाइपाचे जोड घाणीत बुडालेत. त्या उन्हाळ्यात समोरच्या छत्तीसगढी बाईची लहानी पोर काविळीनं गेली. बालवाडीतही जात नव्हती अजून.

आई तेव्हापासून पेटली. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली बाई, बाजाराची हिंदी तिला फर्डी येते, कचेरीची येत नाही. पण तिनं साहेबाविरुद्ध अर्ज लिहून घेतला, गल्लीभर फिरून सह्या घेतल्या, समोरचीचा अंगठा सगळ्यांच्या वर घेतला आणि वर्षभर कचेरीत खेटे घातले. "मी चलते ना सोबत," म्हटलं तर म्हणायची, "तू आपली नोकरी पाह्य. मले काय तोंड नाही?"

एका दुपारी ती सुपेल्याच्या बाजारातून गरम जिलेबी घेऊन घरात शिरली. चेहरा असा फुललेला की मी घाबरलेच.

"झाला वं त्याचा राजीनामा! माह्यासमोर लिहिला. बाबू म्हणे, राजीनामा लिख रहे हैं, माताजी, आप भी दस्तखत कर दो. म्या ईचारलं, साहब का? तर म्हणे, हां, साहब का और आपका. म्या म्हटलं, तक्रार आपली व्हती ना, म्हणून आपली बी सही लागत असंन. साहेबानं हात जोडले मले. वाईट बी वाटलं वं. लेकरंबाळं असतीन त्याले."

माझ्या हातात जिलेबी तशीच राहिली. मी सुपेल्यात दिवाणी वकिलाकडे काम करते, हा शब्द रोज टाइप करते. आपल्या मराठीत राजीनामा दिला की माणूस खुर्ची सोडतो. इथल्या कचेरीत खुर्ची सोडण्याला इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे समझोता, दोघांनी राजीखुशीनं मिटवलेलं भांडण. आईनं पदरातून काढलेल्या कागदावर तेच लिहिलं होतं: दोन्ही पक्षांत राजीनामा झाला, तक्रारदार संतुष्ट आहे, पुढे कारवाई नको.

मी समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "मंग त्यानं हात कावून जोडले?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन भांडले. बाबू अतिशय नम्र होता, मला त्याच्या नम्रपणाचीच चीड आली. "प्रकरण नस्तीबद्ध हो गया, मैडम," म्हणाला. म्हणजे फाइल बंद. माताजींनी स्वतःच्या मर्जीनं सही केली, त्याच तक्रारीवर आता दुसरी तक्रार घेता येत नाही. साहेब आतच बसले होते. त्यांच्या खुर्चीवर नवा टॉवेल होता. शेजारच्या गल्लीचं काम त्याच ठेकेदाराला मिळालं होतं आणि साहेबांनी तेही पास केलं होतं. चीड येऊन उपयोग नसतो हे मला त्या इमारतीत पुरतं कळलं.

तरी मी नवा अर्ज घेऊन दारोदार फिरले. कोणी सही केली नाही. आईच्या सहीच्या कागदाचा फोटो कोणीतरी आधीच मोबाइलवर फिरवला होता. एकानं तर तोंडावर सांगितलं, "पहले आंटीजी से पूछ लो, फिर राजीनामा तो नहीं करेंगी?"

समोरची बाई मात्र आमच्याच दारात आली. रागावलेली नव्हती. भाजीचा भाव विचारावा तशी तिनं आईला विचारलं, "कतका मा करेव, दीदी?" कितीत मिटवलं.

आई उंबऱ्यावरच बसली. मग तिच्या त्या बाजारी हिंदीत सगळं सांगू लागली, आमच्यात राजीनामा म्हणजे काय, तिला काय वाटलं, बाबू काय बोलला. पोरीची शपथ घ्यायला निघाली, ऐकणारीची पोर गेलेली हे आठवून मधेच थांबली. बाईनं सगळं ऐकून घेतलं, "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि आपल्या घरात जाऊन दार लावलं.

आई त्या दाराकडे पाहत होती.

"तिले खरं वाटलं का वं?"

मी हो म्हटलं.