एक्स्चेंजमध्ये दिलेलं मशीन

माझं एस्प्रेसो मशीन नवऱ्याने एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलं, तेव्हा मी भिवापूरला माहेरी होते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चार दिवसांनी संध्याकाळी घरी परतले. खांद्याला बॅग, हातात आईने दिलेली मिरच्यांची पिशवी. ओट्यावर माझ्या मशीनच्या जागी एक पांढरं, गुळगुळीत, प्लॅस्टिकचं यंत्र होतं आणि त्याला लाल रिबन बांधलेली होती. कॉफीची कुपी आत टाकायची आणि बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभा होता. माझा चेहरा टिपायचा होता त्याला. त्याआधीच त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘बायकोला सरप्राइज’ म्हणून फोटो टाकलेला होता. मला कळायच्या आधी माझ्या नणंदांना, चुलतसासऱ्यांना, सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

मी विचारलं, “जुनं कुठं आहे?”

“दिलं ना एक्स्चेंजमध्ये. किती जुनं झालं होतं ते.”

“कोणत्या दुकानात?”

“अगं, आधी हे पाह्य तर. मले वाटलं तू खुश होशील.”

मी बॅग तिथेच खाली ठेवली, नव्या यंत्राच्या खोक्यावरच्या बिलावर दुकानाचं नाव वाचलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

ते मशीन अकरा वर्षं माझ्याकडे होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं रांगेत बसलेली असतात, त्यामुळे माझा दिवस पाचलाच सुरू होतो. लॅबमध्ये बढती मिळाली तेव्हा मी ते माझ्या पगारातून घेतलं. स्टीलच्या अंगाचं, जड. मागे पाण्याची टाकी, पुढे कॉफीची पूड दाबून भरायचं हँडल, बाजूला दूध फेसाळणारी वाफेची नळी. पहिल्या वर्षी मी त्यात सक्करदऱ्याच्या आमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी घातलं आणि त्याच्या नळ्यांत क्षार जमले. पंप म्हाताऱ्या माणसासारखा खोकायला लागला. लॅबमधल्या मशीनच्या नळ्या आम्ही जशा साफ करतो, तसं मग लिंबाचं सत पाण्यात विरघळवून ते आतून फिरवलं. पांढरा गाळ बाहेर आला आणि पंपाचा आवाज सुधारला. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मी ते करत आले.

चौथ्या वर्षी मशीन गरमच होईना. कंपनीचा माणूस आला. मी दार उघडलं तर म्हणाला, “सर नाहीत का घरी?” मी म्हटलं, मशीन माझं आहे, मला सांगा. त्याने मागचं झाकण उघडलं, दोन मिनिटं आत टॉर्च मारला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. नवऱ्याला म्हणाला, बॉयलर गेला, आता नवीनच घ्या. नवरा त्या वेळी ऑफिसमध्ये होता. या मशीनचं चालू करायचं बटण कुठे आहे, हेही त्याला माहीत नव्हतं. “हो का, बरं बरं,” म्हणाला.

तो माणूस गेल्यावर मी लॅबमधून मल्टिमीटर आणला आणि एकेक वायर तपासत गेले. बॉयलर ठणठणीत होता. शेंगदाण्याएवढा एक फ्यूज उडाला होता, जो मशीन जास्त तापलं की उडावा म्हणूनच बसवलेला असतो. तो बदलला आणि मशीन सुरू झालं. त्या माणसाचं ते ‘सर नाहीत का’ माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे हँडलच्या कडेने कॉफी गळू लागली. आतलं रबरी गॅस्केट कडक झालं होतं. मी बाबांना फोन केला. भिवापूरला मिरचीवर फवारणी करायचे पंप आमच्या घरी बाबाच उघडून बसायचे आणि लहानपणी वायसर बदलायला मीच शेजारी असायचे. बाबा म्हणाले, “जुनं फेकू नको. तेच घेऊन गॅस्केट कापणाऱ्याकडे जाय. मापं तोंडी सांगू नको त्याले.” मी तसंच केलं. खाण्यापिण्याच्या यंत्रांना चालेल अशा सिलिकॉनची तीन गॅस्केटं कापून घेतली. अकरा वर्षांत मी त्या मशीनचा पंप बदलला, वाफेच्या नळीचा वॉल्व बदलला, हँडलमधली जाळी दोनदा बदलली. रविवारी दुपारी हॉलमध्ये पेपर पसरून मी ते उघडून बसायचे, तेव्हा नवरा माझे पाय ओलांडून टीव्हीकडे जायचा.

त्या संध्याकाळी दुकानातल्या माणसाने माझं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, “मॅडम, ते स्क्रॅपमध्ये गेलं. सिस्टममध्ये एंट्री झाली.”

“गेलं म्हणजे दुकानातून गेलं, की मागं ठेवलं आहे?”

“गोडाऊनमध्ये असेल. पण बिल सरांच्या नावावर आहे. सरांना घेऊन या.”

मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. ते मशीन मी घेतलं, मी चालवलं, त्यातला प्रत्येक स्क्रू माझ्या हाताखालून गेला आहे, हे मी त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही. माझा आवाज चढला की समोरचा माणूस फक्त आवाजच ऐकतो, हे लॅबमध्ये शिकले आहे. तो पुन्हा म्हणाला, “सरांना फोन तरी लावा.”

लावावा लागला. नवरा वीस मिनिटांत आला. काउंटरवाल्याला हसत म्हणाला, “देऊन टाका भाऊ, नाही तर आज घरात नाही घेणार मले.” काउंटरवालाही हसला. दोघांचं दोन वाक्यांत जमलं. गोडाऊनची किल्ली निघाली.

“हसू नका,” मी म्हटलं. नवरा बाजूच्या फ्रीजचं दार उघडून आत बघू लागला.

गोडाऊनमध्ये जुने मिक्सर, कूलरच्या मोटारी आणि वॉशिंग मशीनचे ड्रम एकावर एक टाकलेले होते. माझं मशीन एका ड्रममध्ये उलटं पडलं होतं. परत कोणी वापरू नये म्हणून त्याची वायर मुळापासून कापली होती. वाफेच्या नळीची मूठ तुटली होती. हँडल कुठेच सापडलं नाही. मी पाऊण तास शोधलं, गोण्या उपसल्या. नवरा दारात उभा राहून दोनदा म्हणाला, “दुसरं मागवू ना.” मशीन स्कूटरवर पायांत ठेवून घरी आणलं.

घरी येऊन बाबांना फोन केला. वायर कोणत्या जाडीची घ्यायची, एवढंच विचारायचं होतं.

“काय झालं वं? आवाज असा काहून येऊन राहिला? रडून राहिली का?”

“नाही. राग आला आहे.”

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मंग आज पाना नको धरू. रागात तू स्क्रूचे आटे मारते.”

मी ऐकलं नाही. फोन ठेवला आणि लगेच उघडायला बसले. बॉयलरच्या झाकणाचा एक स्क्रू पहिल्याच झटक्यात झिजला. पेचकस नुसता फिरत राहिला. मी आणखी जोर दिला आणि त्याचं डोकंच तुटलं. अकरा वर्षांत त्या मशीनचा एकही स्क्रू मी तोडला नव्हता. तेव्हा मात्र मी रडले, आणि रडल्याचाही राग आला.

नवीन हँडल मागवलं, ते यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी त्या पांढऱ्या यंत्राला हात लावला नाही. चहा प्यायले, जो मला आवडत नाही. नवरा रोज सकाळी बटण दाबायचा, यंत्र घरघरायचं आणि तो कप घेऊन गॅलरीत जाऊन प्यायचा. आमचं बोलणं कामापुरतंच होतं. तुटलेला स्क्रू मी एका लेथवाल्याकडून काढून घेतला. नवीन वायर जोडली. मूठ मिळाली नाही म्हणून कुकरच्या झाकणाची बसवली. ती हलते.

एका रविवारी मी आतल्या वायरी बांधत होते, तेव्हा नवरा टीव्ही बंद करून समोर बसला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पण मी काही वाईट म्हणून नव्हतं केलं.”

“तू मले विचारलं होतं का?”

“नाही.”

“अकरा वर्षं मी इथं पेपर टाकून बसते. तुले काय वाटत होतं, मी काय करून राहिली?”

“मले वाटायचं, नाइलाजानं करून राहिली. मी नवीन घेऊन देत नाही म्हणून. तूच तर म्हणायची, हे मशीन माझा जीव घेईल.”

हे मी म्हणायचे. प्रत्येक वेळी बोट पोळलं, नखाखाली काळं गेलं, की म्हणायचे. त्याने ते खरं मानलं होतं. सगळी वर्षं तो माझे पाय ओलांडून जायचा, तेव्हा त्याला थोडी लाज वाटत होती, असं तो म्हणाला. मला हे उत्तर नको होतं. त्याने मूर्खपणा केला, बेफिकिरी केली, असं काही असतं तर माझा राग नीट एका जागी राहिला असता. मी वायरीकडे बघत म्हटलं, “मले आवडतं हे करायला.”

“आता समजलं.”

“आता नको समजू. विचारायचं होतं.”

मशीन सुरू झालं. पहिल्या दोन कपांना जळका वास आला, तिसरा बरा निघाला. पांढरं यंत्र ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तो त्याचीच कॉफी पितो. मलाही करून दे, असं तो कधी म्हणाला नाही आणि करून देऊ का, असं मीही विचारलं नाही.

राग पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही. दुकानात त्या दोघांचं हसणं आठवलं की आजही माझे कान तापतात. एक बदल झाला आहे. आता तो प्रत्येक गोष्टीला विचारतो. रद्दी देऊ का, कान तुटलेला मग टाकू का, ही बरणी तुझी आहे का. त्याचाही मला वैताग येतो. परवा तो फरशीवर सापडलेला एक स्क्रू तळहातावर ठेवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “हा तुझ्या मशीनचा आहे का?” तो त्याच्याच खुर्चीचा होता. मी म्हटलं, “ठेव तिथं.”