सहीला न बोलावलेला माणूस

ऑफिसातला दुसरा वकील सरांना काका म्हणायचा. मी सर म्हणायचो. माझा सगळा मत्सर त्या एका शब्दाभोवती फिरायचा.

पांढुर्ण्याच्या मराठी शाळेतून मी भोपाळला वकिली शिकायला आलो. घरातला पहिला पदवीधर. तिथेच शाहपुऱ्यात सरांच्या ऑफिसात लागलो तेव्हा नेमकं काय काम करतो हे वडिलांना समजावणं अवघड होतं. आमच्या घरी इन्कम टॅक्स कधी कुणी भरलाच नव्हता. रिटर्नपासून मृत्युपत्रापर्यंत सगळं मला सरांनी शिकवलं. समोरच्याशी त्याच्या मरणाबद्दल बोलायच्या आधी त्याला पाणी द्यायचं, हेसुद्धा. ते उपकार मी विसरणार नाही.

तो माझ्यानंतर आला आणि पहिल्याच दिवशी सरांच्या डब्यातली भाजी खाल्ली. इंदूरचा, आजोबा वकील, वडील वकील. माझ्या मसुद्यात चूक सापडायची नाही, पण पक्षकार आल्या आल्या विचारायचे त्यालाच. सरांना मूलबाळ नाही. त्यांच्यामागे ऑफिस कुणाचं, हे कुणी बोलत नसे. मी रोज तोच विचार करायचो.

गेल्या हिवाळ्यात सरांनी स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं. मसुदा त्याला सांगितला. दोघं दार लावून बसायचे आणि मी बाहेर चहाचे कप मोठ्याने ठेवायचो. सहीच्या दिवशी मला सकाळीच मंडीदीपला पाठवलं, एका कारखान्यातून कागद आणायला. ते कुरिअरनेही आले असते. परतलो तर सह्या झालेल्या. साक्षीदार कोण, तर आमच्या टायपिस्टबाई आणि खालचा मेडिकलवाला, जो सरांना खोकल्याच्या गोळ्यांपुरता ओळखतो.

संध्याकाळी तळ्याजवळच्या गुमटीवर चहा पिताना मी त्याला म्हणालो, "इतकी वर्षं झाली मला इथे. एका सहीपुरताही चाललो नाही?"

"अरे, तू कसा चालशील?" तो बोलून गेला. मग चहात साखर जास्त आहे म्हणून उगाच गुमटीवाल्याशी वाद घालत बसला.

मला कळायला तो कप संपावा लागला. मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलंय, त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर ठेवलेलं त्याच्या हातून जाऊ शकतं. हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगत होतो.

काय ठेवलंय ते मी विचारलं नाही. सर ठणठणीत आहेत, तसेच राहोत. मत्सर गेला असं मात्र म्हणवत नाही. सगळं ठाऊक असून तो इतके दिवस माझे टोमणे हसून ऐकत राहिला. त्याच्या जागी मी असतो तर गप्प राहिलो असतो का, माहीत नाही. सरांना माहीत असावं. म्हणूनच मसुदा त्याला सांगितला.

परवा हबीबगंजकडचे एक निवृत्त इंजिनियर सहीसाठी आले. सोबत मोठा मुलगा. साक्षीदारांची वेळ आली तशी त्याने खिशातून पेन काढलं. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. कारण सांगता येईना. आत काय लिहिलंय ते मुलाला कळू द्यायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. तो तोंड पाडून बाकावर जाऊन बसला.

आतल्या सह्या मी त्याच्यावर, आमच्या इंदूरवाल्यावर सोपवल्या. दोन कप चहा घेतला आणि बाहेर त्या मुलाशेजारी जाऊन बसलो.