सातवा मणका

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, तरी मारेगावच्या खरेदी केंद्रापुढे बैलबंड्यांची रांग तीन दिवसांपासून हलली नव्हती. माझा नवरा आणि भासरे, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, बंडीपाशीच मुक्काम करून होते. दुपारी मी भाकरी घेऊन पोचले, तेवढ्यात मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. बैल बुजले, बंडीला हिसका बसला आणि कापसावर उभे असलेले भासरे खाली आले ते मानेवरच.

पण उठले आपले आपण. कपडे झटकले.

"काई नाई झालं," म्हणाले. मात्र बैलांकडे बघायचं तर मान न वळवता ते अख्खेच वळले. नवरा घाबरला. रांग सोडली तर नंबर जाणार, म्हणून त्यानं मला म्हटलं, "तू घेऊन जाय त्यायले."

मी? आमच्या घरी भासऱ्यांसमोर सून पदर सावरून बाजूला होते. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. ऑटोत मी ड्रायव्हरशेजारी बसले.

दवाखान्यात ते चालतच शिरले. डॉक्टरांनी मानेच्या मुळाशी बोट दाबलं, ते "स्स" करून थांबले, आणि लगेच त्यांना आडवं करून दोन्ही बाजूंनी घड्या घातलेली ब्लँकेटं लावली. "आता मान अजिबात हलवायची नाही." आत्ता चालत आलेला माणूस एका मिनिटात हलायचाही राहिला. मला काहीच कळेना.

एक्स-रे काढला. फोटो काढणाऱ्यानं तो उजेडाला धरून बोटानं मणके मोजले. "सहाच दिसतात. सातवा खांद्याआड गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, यांच्या पायाशी उभ्या राहा. दोन्ही हात धरून सावकाश खाली ओढा, म्हणजे खांदे उतरतील. झटका नको."

"मी कशी?"

"दुसरं कोण आहे तुमच्यासोबत?"

त्यानं माझ्या अंगावर जड शिशाचा एप्रन चढवला. मी भासऱ्यांची मनगटं धरली. बोंडांनी ओरखडलेले हात होते. किती जोर लावायचा ते कुणी सांगितलं नव्हतं.

"वढ व बाई," ते छताकडे बघत म्हणाले.

मी ओढलं.

दुसऱ्या फोटोतही सातवा मणका अर्धाच आला, धुरात असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला न्या, सीटी स्कॅन करा.

"म्हणजे मोडलंय का?"

"माहीत नाही."

"मंग नाही मोडलं?"

"तसंही म्हणता येत नाही. दिसल्याशिवाय कसं सांगू?"

अँब्युलन्सनं यवतमाळला गेलो. भासरे त्या गोल यंत्रात जाऊन बाहेरही आले, मी अजून पाण्याची बाटली उघडतच होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सातव्या मणक्याच्या मागच्या टोकाला चीर आहे, पण मज्जारज्जूला धक्का नाही. ऑपरेशन नको, मानेला पट्टा लावा. मोडलं होतं आणि घाबरायचंही नव्हतं. रडावं की हुश्श करावं, ते ठरवता येईना. मग एकदम आठवलं.

"डॉक्टर, मी त्यायचे हात ओढले होते. माझ्यानं तं नाही ना झालं?"

"नाही हो. पडल्यानं झालंय."

"पण पहिल्या फोटोत चीर नव्हती."

"पहिल्या फोटोत तो मणकाच नव्हता, ताई."

त्या हसल्या. मला ते उत्तर कळलं असं वाटलं, आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा कळेनासं झालं.

दोन दिवसांनी कापूस मोजला गेला, नवरा घरी आला. सासूबाई सारख्या विचारायच्या, "काई झालंच नाई तं पट्टा कायले?" मी दर वेळी वेगळंच सांगत होते.

पट्टा निघाला त्या दिवशी भासरे अंगणात तूर निवडत बसले होते. घरात कुणी नव्हतं. मी दारात उभी राहून विचारलं, "मी हात ओढले तवा दुखलं का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. सुपातला खडा काढून फेकला.

"दुखलं असन. नसन बी. मी तं बैल सुटले का बांधले, त्याच्याच इचारात होतो."

एवढंच. मी आत गेले आणि चूल पेटवली.