हनुवटी छातीले लाव

आमच्या दारव्ह्यात त्यांना हनुवटी डॉक्टर म्हणत. पायात काटा मोडून कोणी सरकारी दवाखान्यात गेलं, तरी ते आधी पायाकडे पाहत नसत. म्हणत, "हनुवटी छातीले लाव." माणूस गोंधळून मान खाली घाली, हनुवटी टेके, आणि डॉक्टरांचा चेहरा असा खुले की जणू काटा निघालाच. एका लग्नात त्यांनी नवरदेवालाही सोडलं नाही. तो बाशिंग सांभाळत वाकला, आणि मुलीकडच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगा फार नम्र आहे.

कोणी कारण विचारलं तर सांगत, "मेंदूले तीन पांघरुणं असतात. बाहेरचं गोणपाटासारखं जाड, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, आतलं कांद्याच्या पापुद्र्यासारखं चिकटून बसलेलं. त्यात जंतू शिरला का मान लाकूड होते. माणूस सारं लपवू शकते, मान नाही लपवू शकत." तरुणपणी अशी एक मान त्यांच्या नजरेतून सुटली होती, असं लोक म्हणत. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

मी कापसाचा व्यापारी. बाजारात सांडलेला कापूस वेचण्यापासून सुरुवात केली आणि दुकानाच्या गादीपर्यंत पोचलो, ते कुणाच्या आशीर्वादाने नाही, तोंडाच्या जोरावर. या डॉक्टरांवर माझा राग आहे. माणूस चांगला होता हे कबूल, पण राग आहे.

कापसाची वाईट वर्षं होती ती. बोंडअळीने निम्मा कापूस खायचा, उरलेल्याला भाव नसायचा. अशात एका सकाळी बाजारात हर्रास चालू होता. आमच्याकडे रीत अशी, की बोली लावणाऱ्याने मान खाली घातली म्हणजे भाव मंजूर. मग माघार नाही. समोर एक गाडी उभी होती, वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलेलं मला लांबूनच कळत होतं. मी नुसता कपाळ चोळत उभा होतो. तेवढ्यात मागून डॉक्टर आले.

"डोकं दुखून राह्यलं का, शेठ?"

"जरासं."

"हनुवटी छातीले लाव."

सरकारी डॉक्टर, वयाने मोठे. मी लावली. मान वर काढेपर्यंत गाडी माझ्या नावावर झाली होती. सारा बाजार हसला. त्या वर्षांत बाजारात तसं कोणी हसत नसे, म्हणून ते मला जास्तच लागलं.

"डोकं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "सौदा काही ठीक दिसत नाही."

त्यांच्याशी मी बोलणं टाकलं. ते मात्र रोज दुकानावरून जाताना विचारत, "वाळला का कापूस?"

पुढच्या हंगामात माझा धाकटा भाऊ सुधाकर शेतात फवारणी करून आला आणि तापाने फणफणला. उलट्या, बडबड, उजेड सहन होईना. सगळे म्हणाले, औषध चढलं. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणीही आडवा झाला की हेच म्हणतात. कोणी ताक पाजा म्हणालं, कोणी अंघोळ घाला. मी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि दारातच त्या माणसाला पाहून माझं डोकं फिरलं.

डॉक्टरांनी त्याच्या डोक्याखाली हात घालून मान उचलली. मान वाकली नाही. पाठच वर आली, फळी उचलावी तशी. पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला.

"फवारणीचं नाही हे. मेंदूच्या पांघरुणात जंतू आहे. इंजेक्शन सुरू करतो, पण जंतू कोणता हे पाठीतल्या पाण्याशिवाय नाही समजत. साधा असला तर लवकर निघते, टीबीचा असला तर वर्षभर औषध. चुकलो तर पोरगा हातचा जाईल."

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. मी म्हणालो, "बोटातून रक्त घ्या."

"तू गाडीतला कापूस कुठचा पाह्यतं? वरचा का आतला?"

"आतला. वर सारे चांगलाच ठेवतात."

"मंग? रक्त म्हणजे वरचा कापूस आहे."

"लुळा झाला तर?"

"मज्जारज्जू कमरेच्या वरच संपते. खाली नुसते धागे, घोड्याच्या शेपटीसारखे पाण्यात तरंगतात. सुई आली का बाजूले सरतात. तुझ्यासारखे भांडत नाहीत."

"मंग थोडंसंच काढा."

"चमचाभर."

"अर्धा."

"अर्ध्यात जंतू सापडला तर ठीक, नाही तर पुन्हा टोचतो. बोल."

ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हनुवटी छातीले लाव."

घाबरलेला होतो. सवयीने लावली.

"भाव मंजूर," ते म्हणाले. "पण हा बाजार नाही, शेठ. इथं माघार घेता येते. नाही म्हण, मी थांबतो."

आयुष्यात एवढ्या वेळा नाही म्हणालो असेन, पण तेव्हा तो शब्द तोंडात आला नाही. पाठ वाकून सुईला वाट मिळावी म्हणून सुधाकरला कुशीवर निजवून त्याचीही हनुवटी छातीकडे ओढायची होती. जमेल तेवढी मीच धरली.

जंतू साधा निघाला. सुधाकर वाचला. डावा कान गेला तेवढा. आता भाव करताना समोरच्याला तो डाव्या बाजूला बसवतो, आणि आपल्याला परवडेल तोच आकडा ऐकतो. धंदा त्याचा माझ्याहून बरा चालतो.

डॉक्टर निवृत्त होऊन उमरखेडला मुलीकडे निघाले, तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. त्या ओल्या गाडीचा हिशेब तोंडावर बोलून टाकायचा, असं ठरवूनच गेलो होतो. ते खिडकीशी बसले होते.

"आले का, शेठ? वाळला का कापूस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हनुवटी छातीले लाव."

"पह्यले सांगा, काय विकून राह्यले?"

"लाव तं खरं."

लावली. लगेच वर काढता आली नाही. काढली तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेली होती. तिसऱ्यांदा तो माणूस माझा होकार घेऊन गेला, आणि या खेपेला कशासाठी, तेही सांगितलं नाही.