उंच गाडीतले ठेंगणे पाहुणे

आमच्या घराण्यात उंच माणूस जन्माला येत नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे. द्राक्षाच्या मांडवाखालून बाकीचे लोक मान वाकवून चालतात. आमच्या घरचे टोपी घालून ताठ चालतात आणि वर तारेपाशी अजून जागा उरते. निफाडजवळच्या आमच्या गावात म्हणायचे, देवानं ही माणसं बागेच्या मापानंच कापली आहेत. मलाही याचं काही वाटत नव्हतं, माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात होईपर्यंत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. स्थळं यायची, बाग बघून खूश व्हायची आणि मी खुर्चीतून उठलो की थंड पडायची. दोन दिवसांनी निरोप यायचा, की मुलगा चांगला आहे, पण... त्या 'पण'ची लांबी माझ्यापेक्षा जास्त असायची. मग मी नाशिकला मेन रोडवरून जाड टाचेचे बूट आणले. आरशात बरा दिसायला लागलो. पण मुलगी बघायला गेलं की बूट उंबऱ्याबाहेर काढावे लागतात, हे आमच्या अख्ख्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! ओसरीपर्यंत मी एक माणूस असायचो आणि सतरंजीवर दुसराच. एका घरी तर बायका हळूच बाहेर जाऊन बुटांच्या टाचा बघून आल्या आणि आत येऊन तोंडाला पदर लावून बसल्या. फार लागलं मला ते. पुढं कितीतरी दुपारी मी बांधावर उताणा पडून ढगांकडे बघत एकच विचार करायचो, की दारात काढून ठेवावी लागत नाही अशी उंची कुठं मिळेल.

ती मिळाली आमच्या पिकअपमुळे. जुनी गाडी, बागेतले क्रेट वाहायची. बागेच्या वाटेवर ओढा आडवा होता आणि तिथल्या दगडांवर गाडीचं पोट घासायचं. म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंपळगावच्या मिस्त्रीकडून पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये जास्तीचे पाटे घालून गाडी वीतभर उचलून घेतली. पण टायर जुनेच राहिले, त्यामुळे ती धोतर गुडघ्यावर खोचून ओढ्यात उतरलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायला लागली. नाना म्हणाले, नाशिकला जा आणि एक माप मोठे टायर बसवून आण. आणि त्यांनी मला पाठवलं. खरं तर मापाच्या कामावर माझ्यासारख्या माणसाला कधी पाठवू नये.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रफीकभाईंचं टायरचं दुकान होतं. रफीकभाई धंद्यानं टायरवाले आणि स्वभावानं शायर. त्यांनी एक माप मोठे टायर काढून दाखवले. ते चांगलेच होते, पण माझं लक्ष दुकानाच्या कोपऱ्यात गेलं. तिथं चार आडदांड टायर एकावर एक रचून ठेवलेले. सुरगाण्याकडच्या डोंगरात गाडी चालवणाऱ्या कुणासाठी तरी रफीकभाईंनी ते मागवले होते आणि तो माणूस काही परत फिरकला नव्हता. आम्ही दोघं त्या ढिगाशेजारी चहा घेत बसलो. त्यांच्या डोळ्यांसमोर घाट होते, धुकं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सोयऱ्यांचं अंगण होतं. मी वर केबिनमध्ये, खिडकीवर कोपर टेकून बसलेलो, मुलगी खाली उभी. बसलेल्या माणसाची उंची कुणाला कळते? आणि गाडी कुणी उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला सांगत नाही!

"बसतील ना हे आमच्या गाडीला?" मी विचारलं.

"बिठाया तो बैठेगा," रफीकभाई म्हणाले. "बस, डावीकडं पुरी मत काटना. मडगार्डला घासेल."

"आणि उजवीकडं?"

"उजवीकडं तू राजा."

त्यातलं मला 'राजा' तेवढंच ऐकू आलं.

तेच टायर बसवून घेतले आणि रात्री नाशिकलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गाडी घेऊन बागेच्या रस्त्याला लागलो आणि कडेला थांबवून नुसता बसून राहिलो. आजवर मी द्राक्षबाग खालूनच बघितली होती. बुंधे, तारा, लोंबणारे घड आणि पानांतून गळणारं ऊन. त्या दिवशी पहिल्यांदा मला बागेची वरची बाजू दिसली. सगळीकडे हिरवं पाणी भरावं तशी पानं पसरलेली, त्यावर पातळ धुकं, मधूनच एखादं बगळ्याचं पांढरं टिंब, आणि पार टोकाला निळे डोंगर. हे सगळं इतकी वर्षं माझ्या डोक्याच्या जरासंच वर चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला आणि मी घाईनं गाडी हलवली.

घरी नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "एक माप सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाले आणि आत बसायला गेले. गेले म्हणजे, दार उघडून उभे राहिले. पायरी त्यांच्या कमरेला लागत होती. आईनं प्रयत्नसुद्धा केला नाही. मामानं मागच्या हौद्यावर चढायला उडी मारली आणि काठाला लोंबकळत राहिला. मी स्वतः स्टिअरिंगला धरून झोका घेत आत जायचो, ते काही चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं. शेवटी उपाय निघाला द्राक्षांच्या क्रेटचा. प्लॅस्टिकचा क्रेट पालथा ठेवायचा, त्याच्यावर चढून एकेकानं आत जायचं. क्रेटला एक दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक हौद्याच्या कडीला. सगळ्यात आधी मामा वर जायचा आणि सगळे बसले की त्यानं दोरीनं क्रेट वर ओढून घ्यायचा. हे काम मामानं मोठ्या अभिमानानं स्वीकारलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी उंचीवरचं काम मिळालं होतं.

अशात सिन्नरचं स्थळ आलं. मुलगी मंदा, बालवाडीत शिकवणारी. मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं, की मुलगी अंगानं उंच आहे, जरा जपून. आईचा चेहरा पडला. मला मात्र पक्की खात्री होती. गाडीतून उतरायचंच नाही असा माझा बेत होता. मुलगी बघायला जाऊन खाली न उतरणं हे कसं जमणार, याचा विचार मी केला नव्हता. स्वप्नाळू माणसाला पुढचं पाऊल दिसत नाही, शेवटचं तेवढं दिसतं.

निघालो. आई आणि नाना माझ्या शेजारी, मागं मामा आणि नव्या टोप्या घातलेले चार भाऊबंद. मोठ्या टायरमुळे वेगाचा काटा नेहमी कमीच दाखवायचा, त्यामुळे मला आपण तरंगत चाललोय असं वाटत होतं आणि आई डोळे मिटून सप्तशृंगीचं नाव घेत होती. सिन्नरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. कपडे नीट केले, परत क्रेटवरून एकेक करून चढलो. मामा तंबाखू मळत होता. दोरी ओढायची ती राहून गेली.

मंदाचं घर रस्त्याच्या डाव्या हाताला होतं. दारापुढं मोठं अंगण, कडेला तिचे वडील आणि काका हात जोडून उभे. मी डावीकडं स्टिअरिंग फिरवलं आणि पुढून चर्रर्र असा आवाज आला. टायर मडगार्डला लागला. मी घाबरून गाडी सरळ केली आणि आम्ही सगळ्यांना नमस्कार करत त्या घरावरून पुढं निघून गेलो.

नाना म्हणाले, इथंच रस्त्यावर लाव की. पण रस्त्यावर लावली तर अंगणातून चालत जावं लागलं असतं, आणि चालायचं म्हणजे उभं राहायचं. मी म्हणालो, नाही, सोयऱ्यांच्या दारातच लावायची. डावीकडं वळता येत नसेल तर उजवीकडं, परत उजवीकडं आणि परत उजवीकडं वळून समोरच्या बोळातून सरळ अंगणात शिरायचं. हिशोब बरोबर होता. बोळ चुकला! एक बोळ पुढचा निघाला आणि आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला लागून पुन्हा त्याच घरावरून गेलो. मंदाच्या वडिलांनी पुन्हा हात जोडले. आम्हीही जोडले. त्यांची नजर आमच्यावर नसून गाडीच्या मागं आहे, एवढं मला आरशात दिसलं. तिथं दोरीला बांधलेला क्रेट खडखडत फरपटत येत होता. पहिल्या फेरीला तो अख्खा होता, असं मंदानं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या फेरीला एकच बाजू उरली होती. तिसऱ्या फेरीला आम्ही एकदाचे अंगणात शिरलो तेव्हा मागं नुसती दोरी होती.

मामानं ती ओढून घेतली आणि टोकाकडे बघत राहिला.

"उतरा, या," मंदाचे वडील म्हणाले.

कुणी हललं नाही. नानांनी खाली बघितलं आणि हवा काय छान आहे म्हणाले. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "म्या उडी मारणार नाय. सोयऱ्याच्या दारात तर नायच नाय." मागचे भाऊबंद टोप्या सावरत आभाळाकडे बघत बसले. पाहुणे उतरत नाहीत म्हणजे काहीतरी रुसवा असणार असं मंदाच्या वडिलांना वाटलं आणि त्यांनी घाईघाईनं पोहेच बाहेर मागवले. बशा हातोहात वर आल्या. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली. आणि मी? मी खिडकीवर कोपर टेकून बसलो होतो. रफीकभाईंच्या दुकानात बघितलं होतं तसंच सगळं घडत होतं, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला सुख वाटत होतं.

मग मंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. खिडकीखाली उभी राहिली, वर बघून किंचित हसली. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मोठ्या माणसाकडे खाली बघत होतो. ती मला आवडली. इतकी आवडली, की उतरलो तर ही जाईल या भीतीनं मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो.

ती एकेकाकडे बघत गाडीभोवती फिरली. दोरीचं टोक बघितलं, टायर बघितला, आईचे अधांतरी पाय बघितले. आत गेली आणि घराला चुना देताना वापरतात ती लाकडी शिडी खांद्यावर घेऊन आली. मला वाटलं, आईच्या बाजूला लावेल. तिनं माझ्या दाराला लावली.

"तुम्ही आधी," ती म्हणाली.

मी उतरलो. एकेक पायरी खाली येताना सगळं अंगण मोठं होत गेलं. सगळ्यात शेवटी जमीन आली. मी मान वर केली तेव्हा माझं डोकं तिच्या कानाशी होतं. कुंपणावरचं कुणीतरी हसलं. मी निरोपातल्या त्या 'पण'ची वाट बघत उभा राहिलो.

"या टायरचं काय काम होतं?" तिनं विचारलं. आवाज बालवाडीतलाच होता, खोटं बोलायची सोय नव्हती.

ओढ्याचं सांगणार होतो. पण तोंडातून निघालं, "वरून बाग दिसते. खालून कधी दिसली नव्हती."

मग मी तिला ते हिरवं पाणी सांगितलं, बगळा सांगितला, डोंगर सांगितले. किती वेळ बोलत होतो माहीत नाही. मागं आई शिडी मागत होती, ती कुणी देत नव्हतं. मंदा ऐकत राहिली. मग तिनं पदर खोचला, शिडीला पाय लावला आणि सरळ जाऊन माझ्या सीटवर बसली. समोर बघून म्हणाली, इथून तर नुसतं काकांच्या घराचं कौल दिसतंय, बाग बघायला यावं लागेल.

होकार असा आला. मंदाच्या वडिलांची एकच अट होती, लग्नाच्या आत टायर बदलायचे, पुन्हा आपण तीन वेळा हात जोडणार नाही. मी ते टायर रफीकभाईंना परत नेऊन दिले. ते रागावले नाहीत, नुसते ते चार टायर पुन्हा कोपऱ्यात रचून त्यांच्याकडे बघत बसले. येताना मी एकच माप मोठे टायर घालून आणले. बाग परत पानांच्या आड गेली, पण आता वाईट वाटत नव्हतं. एवढ्याशा उंचीचं आपल्याला काय करायचंय, असं मी गावभर सांगत फिरलो.

मग लग्नाचा दिवस आला. मी पाटावर उभा राहिलो, समोर अंतरपाट आला. तो धरायला दोन्ही बाजूंना आमचेच चुलते. दोघांनी टाचा उंचावून, हात ताणून, जमेल तेवढा वर धरला. तो माझ्या कपाळापर्यंत आला आणि मंदाच्या हनुवटीपर्यंत. मंगलाष्टकं सुरू झाली ती संपेपर्यंत मंदा अंतरपाटाच्या वरून मला, मामाला, वऱ्हाडाला, सगळ्यांना निवांत बघत होती. मांडव हसत होता. मला पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मी पांढऱ्या कापडाकडे बघत अक्षता झेलत उभा होतो, आणि मनात एकच आलं, टायर बदलायची जरा घाईच केली.